हरबंसचा गुडघा

गुरुवारी सकाळी विनयाने फोनवर विचारलं, "हरबंसजी, अब घुटना कैसा है आपका?" आणि पलीकडून प्रश्न आला, "किसका घुटना?"

झालं एवढंच. लगेच पलीकडच्या बाईंनी घसा खाकरला, "हां जी, हां जी, घुटना ठीक. चढदी कला!" असं नेहमीच्या जोरात म्हटलं आणि फोन बंद केला. विनयाने समोरच्या पडद्यावर हरबंस या नावापुढे हिरवी खूण केली. पण तिच्या मनाला जी टोचणी लागली ती काही केल्या जाईना.

कारण सोमवारीच या हरबंसजींनी, याच नंबरवर, गुडघ्याचं रामायण ऐकवलं होतं. मांडी घालता येत नाही, गुरुद्वारात सगळे खाली बसतात आणि आपण एकट्याच खुर्चीवर, शरम वाटते. रात्री कूस बदलली तरी कळ मस्तकात जाते. विनयाने सहानुभूतीने चुकचुक केली होती, गरम पाण्याचा शेक घ्या म्हणून सांगितलं होतं. ज्या गुडघ्याने माणसाची झोप उडवली तो गुडघा कोणाचा, हे माणूस आठवडा संपायच्या आत विसरतो का? माणूस पेन्शनची तारीख विसरेल, नातवाचं नाव विसरेल. दुखरा गुडघा विसरणार नाही.

विनया मूळची मिरजेची. नवरा नंदकुमार हवाई दलात, त्यामुळे पंचवीस वर्षांत संसार किती वेळा पेट्यांत भरला आणि पेट्यांतून काढला याचा हिशेब तिने सोडून दिला होता. मागच्या उन्हाळ्यात चंदीगडला बदली झाली. नवीन गावात गेल्यावर घर लागलं की विनयाचे हात शिवशिवायला लागत. इथे तिला आयटी पार्कमधल्या एका सेवाभावी संस्थेत काम मिळालं. डेराबस्सीच्या पलीकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचा, बरे आहात ना विचारायचं आणि लिहून ठेवायचं. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे तातडीने बघा. आवाज गोड, हिंदी बरी, माणसाला बोलतं करण्याची जन्मजात खोड. संस्थेने तिला हातोहात उचललं.

पूर्वी या कामाला एक गाडी होती. पांढरी, पाठीमागून उघडणारी. ती दर आठवड्याला त्या खेड्यांत जायची, गुरुद्वाराच्या अंगणात उभी राहायची. गाडीत नर्स असायची. रक्तदाब बघणं, जखमेची पट्टी बदलणं, कानातला मळ काढणं, चष्म्याची काडी बसवणं, पेन्शन अडली असेल तर कागद बघणं, सगळं त्या गाडीच्या मागच्या दारात चालायचं. मग डिझेल महागलं, नर्सने दुसरीकडे नोकरी धरली, आणि कोणीतरी मीटिंगमध्ये दाखवून दिलं की गाडीच्या एका फेरीच्या खर्चात महिनाभर फोन होतात. तेव्हापासून गाडी ऑफिसच्या खालच्या पार्किंगमध्ये उभी होती आणि कबुतरं तिचा रंग बदलत होती. म्हाताऱ्यांना बटणांचे साधे फोन वाटून झाले. विनया आली ती यानंतर. तिने ती खेडीही पाहिली नव्हती आणि माणसंही.

पण शिकायला ती तयार होती. पहिल्या आठवड्यात एका गुरमेलजींना तिने ताईसारखं "बहनजी" म्हटलं आणि पलीकडचे मिशीवाले गुरमेलजी खो खो हसले होते. तेव्हा सर्वेशने, म्हणजे तिच्या तरुण साहेबाने, तिला समजावलं, "मॅम, इधर नाम सबके एक. गुरमेल आदमी भी, औरत भी. आगे सिंह लगाओ या कौर." सिंह आणि कौर पडद्यावर नव्हते. निम्मे सिंह आणि निम्म्या कौर, मग लिहायचं कशाला, म्हणून तो रकाना कोणीतरी काढून टाकला होता. विनयाने हा धडा नीट गिरवला. घरी येऊन नंदकुमारला शिकवला, फोनवरून मिरजेच्या मैत्रिणींना शिकवला. नंतर बलवंत म्हणून फोन लावला आणि बाईचा आवाज आला तरी ती चकली नाही. आपण आता इथल्याच झालो म्हणून ती स्वतःवर खूश होती.

चढदी कलासुद्धा तिने अशीच शिकून घेतली होती. मन कायम चढतं ठेवायचं, कितीही पडलं-झडलं तरी उभारी सोडायची नाही, ही तिकडची शिकवण. कसे आहात विचारलं की उत्तर ठरलेलं, चढदी कला. विनयाला हे शब्द इतके आवडले की तीही भाजीवाल्याला तसंच उत्तर द्यायला लागली होती.

आणि आता हा गुडघा.

शुक्रवारी तिने सर्वेशला गाठलं. तो सोमवारच्या सादरीकरणात बुडालेला होता. भिंतीएवढ्या पडद्यावर खेड्यांच्या नावांखाली हिरवे चौकोन पसरले होते. टिब्बी माजरा या गावाचं शेत तर नजर लागावी इतकं हिरवं. हरबंस त्याच गावच्या.

"मॅम, बुजुर्ग हैं, भूल जाते हैं," सर्वेश म्हणाला. मुलगा चांगला होता, आवाज चढवत नसे, पण पडद्यावरून नजरही हटवत नसे.

"घुटना कोई नहीं भूलता. एक बार जाकर देख आएं? गाडी नीचे खडी ही है."

"गाडी का तो सोमवार को फैसला है. बिक जाएगी. उस पैसे से और चालीस गांव फोन पर आ जाएंगे." मग त्याला एकदम काही आठवलं आणि तो हसला. "आपका वो तीन कॉलवाला नियम बोर्ड को बहुत पसंद आया, मॅम."

हा नियम विनयाचा. ती आली तेव्हा पडद्यावर लाल चौकोनांचा सुळसुळाट होता. कोणी वारलेले, कोणी मुलीकडे गेलेले, कोणाचे फोन कपाटात. आणि नवीन नावं रांगेत ताटकळत होती. फोनला मोल आहे, जो उचलत नाही त्याचा नंबर दुसऱ्याला का नको, असा सरळ संसारी विचार करून तिने सुचवलं होतं की लागोपाठ तीन वेळा फोन उचलला नाही तर नाव कमी करावं. महिन्याभरात लाल चौकोन दिसेनासे झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुपारी तिने वेळापत्रक मोडून हरबंसजींना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. एरवी सकाळी पहिल्या घंटीला फोन उचलणारी बाई दुपारी कुठे जाते? शेजारच्या टेबलावरची सिमरत म्हणाली, झोपल्या असतील. असतील. विनया पाणी प्यायला उठली, बाटली न भरताच परत आली, पुन्हा उठली.

घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. नंदकुमारने पहिला घास घेतला, पाण्याचा पेला ओढला आणि दुसराही घेतला. फौजेत राहून माणूस एवढं शिकतोच.

"अहो, 'किसका घुटना' म्हणाल्या त्या," विनयाने तिसऱ्यांदा सांगितलं.

"अगं, दुखायचा थांबला असेल."

"मग 'थांबला' म्हणतील. 'कोणाचा' कशाला म्हणतील?"

 नंदकुमारने आमटीत लिंबू पिळून पाहिलं.

तिला आईची आठवण येत होती आणि ती नको होती. आई मिरजेजवळच्या खेड्यात एकटी राहायची. विनया रोज विचारायची, बरी आहेस ना? आई म्हणायची, मला काय धाड भरलीय! रोज तेच, ठणठणीत आवाजात. मग एका गणपतीत विनया घरी गेली तर आई भिंत चाचपत दार उघडायला आली. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने अंधुक. वर्ष झालं होतं. "अगं पण तू रोज सांगायचीस ना!" विनया ओरडली होती. आई म्हणाली, "तू विचारायचीस बरी आहेस ना. दिसतंय का, असं कुठे विचारलंस?"

शनिवारी विनयाला सुट्टी होती. सकाळी तिने ओजस्विनीला, म्हणजे मुलीला, गदागदा हलवलं.

"चल ऊठ. डेराबस्सीच्या पुढे जायचंय. गाडी तू चालव."

"मम्मा, छुट्टी के दिन?" ओजस्विनी उशीत तोंड खुपसून म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. आठ शाळा बदललेल्या मुलीकडून याहून जास्त अपेक्षा विनयाने सोडून दिली होती. "किसके घर जाना है?"

"एका गुडघ्याच्या."

ओजस्विनीने एक डोळा उघडून आईकडे पाहिलं आणि निमूट उठली.

झिरकपूरच्या पुलाखाली गाड्या अशा अडकल्या होत्या की पायी जाणारे पुढे निघून जात होते. विनया सीटवर पुढे सरकून बसली होती, जणू तिच्या सरकण्याने गाडी पुढे जाणार होती. डेराबस्सी आलं, कारखान्यांचा औषधी वास काचा बंद असूनही नाकात शिरला. मग डावीकडे वळून रस्ता अरुंद झाला, गहू आला, खड्डे आले. एकही बस समोरून आली नाही की मागून नाही. या रस्त्याने दुखऱ्या गुडघ्याचं माणूस दवाखान्यात कसं जात असेल, हा विचार विनयाच्या मनात पहिल्यांदाच आला, आणि पहिल्यांदाच आला म्हणून तिला स्वतःचा राग आला. फोनवर कोणी काही दुखतंय म्हटलं की ती एक ठरलेलं वाक्य म्हणायची, "नजदीकी केंद्र में दिखा लीजिए." ते नजदीकी केंद्र म्हणजे मघाशी मागे पडलेलं डेराबस्सी.

टिब्बी माजऱ्यात शिरताच पिंपळाखाली खाटेवर दोन म्हातारे बसले होते. विनयाने काच खाली केली. "हरबंस कौरजी का घर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हरबंस कौर? हरबंस कौर तो कोई नहीं यहां. हरबंस सिंह है. ट्रक चलाता था. छडा है, शादी नहीं की."

"नहीं नहीं. औरत हैं. फोन पर बात होती है हमारी."

"अच्छा, फोन!" दुसऱ्या म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "फोन तो नसीब कौर के घर. सबके फोन वहीं हैं. वो नीला दरवाजा."

 सबके? विनयाने ओजस्विनीकडे पाहिलं. ओजस्विनीने गाडी निळ्या दाराकडे नेली.

अंगणात एक ठेंगणी, जाडजूड म्हातारी खाटेवर पाय लांब करून बसली होती. समोर स्टीलची मोठी परात होती, कणीक मळायची असते तशी. परातीत फोन ओळीने मांडलेले होते. एकाला लाल दोरा, एकाला हिरवा, एकाला वेणीत गुंफायच्या परांद्याचा तुटका गोंडा. बाई एकेक फोन ओढणीच्या टोकाने पुसत होती.

"आओ जी, आओ, बैठो," ती म्हणाली, आणि विनयाने तो आवाज ओळखला. गेले किती आठवडे ती हाच आवाज ऐकत होती.

"हरबंसजी?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हां जी, चढदी कला!" म्हातारी सवयीने म्हणाली. मग तिने विनयाकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

पहिल्यांदा ती काही कबूल करेना. मग चहा आला. चहासोबत गूळ आला, आणि मग सगळंच आलं. बीबी नसीब कौर लबाड नव्हती. गप्पिष्ट होती आणि इतके दिवस हे कोणाला सांगता येत नव्हतं याचा तिला त्रास होत होता. फोन वाटले तेव्हा सगळ्यांनी घेतले. पण कोणाला घंटी ऐकू येईना, कोणाला बटण सापडेना, कोणी शेतात. प्यारा सिंह मुलीकडे लग्नाला गेला आणि परत आला तर त्याचं नाव कटलेलं. मग पेन्शनचं कसं विचारायचं, चष्म्याचं कोणाला सांगायचं, गाडी परत आली तर त्याला बघणार कोण? गावात घबराट झाली. तेव्हापासून सगळे आपले फोन हिच्याकडे आणून ठेवतात. हिचे कान शाबूत. सकाळी हे फोन वाजतात, ही उचलते. जेवण झालं की डोक्यावरून ओढणी घेऊन झोपते, तेव्हा वाजलेलं तिला ऐकू येत नाही.

"हरबंस के लिए थोडा मोटा आवाज करती हूं," ती जरा अभिमानाने म्हणाली. "बलवंत के लिए खांसती हूं. उसको सच में खांसी है. झूठ क्यों बोलना?"

ओजस्विनीला हसू फुटलं. विनयाला फुटलं नाही.

"नाम कटेगा, ये किसने कहा आपको?"

"फोनवाले लडके ने. कोई नई मॅडम आई है चंडीगड में. तीन बार फोन नहीं उठाया तो नाम काट देती है." बीबीने गुळाचा खडा विनयापुढे सरकवला. "बडी सख्त है, कहते हैं."

ओजस्विनीने आईकडे पाहिलं. विनयाला परातीतल्या फोनांकडे बघवेना. पडद्यावरचं ते हिरवंगार शेत तिने स्वतःच भीती पेरून पिकवलं होतं आणि पीक आलं म्हणून मिरवत होती. शरमेने तिचे कान तापले.

"घुटना किसका है, बीबीजी?"

"मेरा," नसीब कौर ओशाळून म्हणाली. "उस दिन बहुत दुखता था. मुंह से निकल गया. फोन हरबंस का था, मैं भूल गई."

"और हरबंस सिंह?"

 बीबीने ओढणी सारखी केली, एक फोन उचलून परत तिथेच ठेवला.

"उसका तो पैर है," ती शेवटी म्हणाली.

हरबंस सिंहची खोली मागच्या गल्लीत होती. दारातच वास आला आणि विनयाने पदर नाकाला लावला, मग लाज वाटून काढला. आत खाटेवर एक उंच, हाडकलेला म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. पगडी नीट बांधलेली. उजवा पाय उशीवर, धोतराच्या फडक्याने गुंडाळलेला. फडकं स्वच्छ होतं. बीबीच रोज बदलत होती, उकळून, वाळवून. पण फडक्याखाली टाचेची जखम होती, तिच्या कडा काळ्या पडल्या होत्या, आणि तो काळेपणा कोणाच्याही फडक्याने हटणारा नव्हता. साखरेचा आजार. पूर्वी गाडीतली नर्स दर आठवड्याला बघायची. गाडी बंद झाली. गावातल्या डॉक्टरने मलम दिलं. खाजगी रिक्षावाला एकदा आला आणि वास आला म्हणून परत गेला.

"अहो, सांगितलं का नाही? दर वेळी मी विचारत होते!" विनया मराठीतच ओरडली.

बीबीला शब्द कळले नसतील, अर्थ कळला. "शुरू में एक बार बताया था. उधर से बोले नजदीकी केंद्र में दिखाओ. फिर डर लगा. बोलेंगे हरबंस को फोन दो. वो तो सुनता नहीं. पकडे गए तो सबका नाम जाएगा." मग ती हळू म्हणाली, "और कैसे बोलूं, जी? कोई पूछे कैसे हो, तो चढदी कला ही बोलते हैं. रोना थोडे ही रोते हैं."

म्हाताऱ्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो या दोन नव्या बायकांकडे, ओजस्विनीच्या हातातल्या गाडीच्या चावीकडे बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू खुलला.

"आ गई गड्डी?" त्याने खोलीभर मोठ्या आवाजात विचारलं.

विनयाला रडू आलं. ती रडली, तिथेच, दारात उभी राहून, दोन मिनिटं. मग तिने डोळे पुसले आणि जी सुटली ती सुटलीच. नंदकुमारला फोन केला, "आत्ताच्या आत्ता डेराबस्सीच्या सरकारी दवाखान्यात या, येताना ओळखीच्या डॉक्टरांना गाठा, का ते विचारू नका." पिंपळाखालच्या म्हाताऱ्यांना हाक मारली, त्यांनी आणखी दोघांना मारली. हरबंस सिंहला खाटेसकट उचलून गाडीपर्यंत आणलं. त्याला मागच्या सीटवर आडवा करायला वेळ लागला, कारण माणूस लांब होता आणि गाडी छोटी. तो स्वतः सगळ्यांना सूचना देत होता, ट्रकवाल्याच्या रुबाबात, इकडून घ्या, तिकडून वळवा. दोन गावकरी मोटारसायकल काढून मागोमाग निघायला तयार झाले.

"चलिए बीबीजी, आप भी. घुटना दिखा लेते हैं," विनया म्हणाली.

नसीब कौर गाडीच्या दाराशी आली, एक पाय आत ठेवला, आणि निळ्या दाराच्या आतून फोन वाजला.

"ना जी. मैं फोन छोडके कैसे जाऊं?" ती म्हणाली आणि मागे फिरली. वाकड्या गुडघ्याने, एका हाताने भिंतीचा आधार घेत, म्हातारी अंगणाकडे अक्षरशः धावत सुटली.

विनयाला एकदम आठवलं. आज शनिवार, आज तिच्या जागी सिमरत फोन करत असणार. हिरव्या खुणा होत असणार. सोमवारी त्या भिंतीवर दिसणार आणि खालची गाडी विकली जाणार.

"ओजू, तू निघ. थांबू नकोस. बाबा पोचतायत तिथे."

"और तुम?" मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती मराठीत म्हणाली, "तू काय करणार इथे?"

"मी फोन उचलणार."

गाडी धुरळा उडवत गेली. विनया अंगणात पोचली तेव्हा बीबीच्या हातात लाल दोऱ्याचा फोन होता आणि तोंड उघडलेलं होतं, चढदी म्हणायला. विनयाने हात पुढे केला.

"नाम कट जाएगा," बीबी कुजबुजली.

"काटनेवाली मैं ही हूं, बीबीजी. वो सख्त मॅडम. नहीं कटेगा. दीजिए."

नसीब कौरने तिच्याकडे टक लावून पाहिलं. तिच्या डोळ्यांत आधी अविश्वास आला, मग राग, मग आणखी काहीतरी, पण फोन तिने दिला.

"सत श्री अकाल, हरबंसजी! कैसे हैं आप?" सिमरतचा कोवळा, हसरा आवाज आला.

"ठीक नहीं हूं," विनया म्हणाली.

 असं उत्तर त्या गावातून सिमरतने कधी ऐकलंच नव्हतं. "जी?"

"पैर सड रहा है. जब से गाडी बंद हुई, किसी ने देखा नहीं. लाल लिखो."

"हरबंसजी, आप... आप नजदीकी केंद्र में..."

"चल नहीं सकता. सुन भी नहीं सकता. गाडी भेजो."

"विनया मॅम? आप बोल रही हैं क्या?"

"नहीं," विनया म्हणाली.  "मैं हरबंस सिंह हूं. लाल लिखो, बेटा. और सर्वेश को बुलाओ, वो भी सुने."

मग हिरव्या दोऱ्याचा फोन वाजला. तो बलवंतचा. विनयाने बीबीकडे पाहिलं आणि बीबीने बोटाने छाती दाखवली. "खांसी है, बहुत दिन से," विनयाने सांगितलं. "लाल लिखो." पुढचा गोंड्याचा. त्या बाईला चष्मा नव्हता, चूल पेटवताना ओढणीला आग लागली होती. तो लाल. पुढचा प्यारा सिंहचा, पण तो वाजला नाहीच, त्याचं नाव कटलेलं होतं. बीबीने तो तरीही रोज पुसून परातीत ठेवला होता. विनयाने तो हातात घेऊन गोंड्याच्या फोनवरच सांगितलं की आणखी एक माणूस आहे, तुमच्या पडद्यावर नाही, तो लिहून घ्या. सिमरत आता काही विचारत नव्हती. तिच्या मागे कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि सर्वेश अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "कितने हैं, मॅम?" विनया म्हणाली, "आकर गिनिए."

शेवटी परातीत एकच फोन उरला, बिनदोऱ्याचा. तो वाजायला लागला तेव्हा विनयाने सवयीने हात पुढे केला. पण नसीब कौरने तो आधीच उचलला होता.

"बीबीजी, सत श्री अकाल," सिमरत म्हणाली. तिचा आवाज आता हसरा नव्हता. "आप कैसी हैं?"

नसीब कौरने ओढणी डोक्यावर सारखी केली. ओठ हलले, तेच दोन शब्द जिभेवर आले असणार, ते तिने गिळले. विनयाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घुटना दुखता है," म्हातारी म्हणाली.

"किसका, बीबीजी?"

"मेरा."